खासगीचा वारसा

राजवाड्यासमोर पोह्यांची प्लेट घेऊन उभं राहिलं की नजर आपोआप वर जाते. सात मजली दरवाजा: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर लुटलं तेव्हा हा वाडा जळाला, १९८४ मध्ये तो पुन्हा पेटला. होळकरांच्या घरातल्या वारशाचे कागद कुठे पाहायला मिळतील, असं विचारलं की इंदूरकर आधी या दोन आगी सांगतात आणि मग पोह्यांवर आणखी थोडी शेव घालायला सांगतात.

इंग्लंडमध्ये हा शोध सोपा. तिथे १८५८ पर्यंत मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, नंतर सरकारी न्यायालयांत. आजही परगण्याच्या अभिलेखागारात एखाद्या शेतकऱ्याची गाय कोणत्या मुलीला मिळाली, ते वाचता येतं. आपल्याकडे इंग्रजांनी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करण्याची, सक्ती मुख्यतः मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणी केली. इंदूर पडलं संस्थान. इथला वारसा सनदांत, दत्तकविधानांत आणि दप्तरांच्या रुमालांत शोधावा लागतो.

मल्हारगंजाकडच्या एका जुन्या घरात मोडी वाचणारे एक काका भेटले. चहा येण्याआधीच त्यांनी मला दुरुस्त केलं. "मृत्युपत्र काय शोधता? आधी दौलत आणि खासगी वेगळी करा. दौलत तलवारीची. खासगी बायकांची."

सगळी गोम इथेच होती. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली. फौजेच्या सरंजामाशी तिचा संबंध नव्हता. गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. मराठी सरदारघराण्यात सासूकडून सुनेकडे जाणारी ही स्वतंत्र मिळकत, आणि तीही पेशव्यांच्या सनदेने बांधलेली!

काकांनी पुढची गोष्ट रंगवून सांगितली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात नातू मालेरावही. दिवाण गंगाधर यशवंतांना दत्तक बसवायचा होता, राघोबादादा फौजेसह चालून आले होते. अहिल्याबाई नमल्या नाहीत. थोरल्या माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला आणि फौज तुकोजी होळकरांकडे गेली. खासगीच्या खजिन्यावर बाईंनी तुळशीपत्र ठेवलं, म्हणून तो देवाचा, ही त्यानंतरची आख्यायिका. "हुकमावर स्वतःचं नाव नाही, 'श्रीशंकर'," काका म्हणाले. "आता सांगा, याचं प्रोबेट कोण देणार?"

दुपारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहिल्या. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव. १८४४ मध्ये खंडेराव निपुत्रिक वारले आणि लहानग्या तुकोजीरावांना गादी मिळाली, पण तोवर होळकरांच्या वारसाला कंपनी सरकारची संमती लागू लागली होती. तलवारीच्या दौलतीला वारस मिळाला की भांडण मिटे. खासगीचा प्रश्न मात्र पुढे वेगळ्याच वळणाने उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी महूवरून महेश्वरला निघालो. पठार संपतं तिथे जाम दरवाजा लागतो. अहिल्याबाईंनी बांधलेल्या या कमानीतून खाली निमाड एकदम उघडतं आणि हवा तापते. मंडलेश्वर ओलांडून महेश्वरात शिरलो. वाड्यातली बाईंची गादी इतकी साधी, की पाहणारे पुढे कुठे जायचं असं विचारतात. पुढे घाट. धुणी, आंघोळी, परिक्रमावासी, माहेश्वरी साड्यांची दुकानं. पायऱ्यांवर सावली धरून मी खासगीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०२२ चा निकाल मोबाइलवर वाचायला घेतला.

त्यात काकांच्या गोष्टीचा पुढचा अध्याय होता. १९४८ मध्ये मध्य भारत संघ झाला, तेव्हा करारात खासगी सरकारजमा झाली. बदल्यात धर्मादायासाठी सरकारने दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायम द्यायचे ठरलं. शेवटचे महाराज यशवंतराव १९६१ मध्ये गेले. गादी कन्या उषादेवींकडे आली, आणि १९६२ मध्ये त्यांनी देवी अहिल्याबाई होळकर धर्मादायाचा खासगी ट्रस्ट स्थापन केला. देशभरातल्या २४६ मालमत्ता त्यात: मंदिरं, घाट, धर्मशाळा. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद पेटला. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२० मध्ये मालमत्ता सरकारच्या ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला: मालमत्ता ट्रस्टच्याच, पण ट्रस्ट सार्वजनिक. त्याने मध्य प्रदेशच्या १९५१ च्या कायद्याखाली नोंदणी करावी, आणि विकलेल्या मालमत्तांना आधी परवानगी लागत होती का, ते निबंधकाने तपासावं.

वारस कोण, या प्रश्नावर मराठी सरदारांनी किती रक्त सांडलं! खासगीच्या बाबतीत तो प्रश्न दुय्यम ठरला. पैसा कशावर खर्च व्हावा, हे अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत दगडात लिहून ठेवलं. उरतं ते एवढंच, की हिशेब कोणाला दाखवायचा. त्याचं उत्तर मिळायला अडीचशे वर्षं लागली. पुढच्या खेपेला मोडीच्या रुमालांआधी निबंधकाच्या कचेरीतली ताजी फाइल मागणार आहे. काकांनाही सोबत नेईन, ते चष्मा बदलून देवनागरीही वाचतात.