वडिलांचा नकार

१९७४ साली डॉक्टरांनी इन्शुलिन सुचविले, तेव्हा वडिलांनी दुकानाच्या गादीवरूनच नकार दिला. त्या काळी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. “दुसऱ्याच्या जिवावर मला वर्षे मोजायची नाहीत,” ते म्हणाले. दोन वर्षांत ते गेले. आईने त्यांना कधी दोष दिला नाही. मी मनातल्या मनात दिला.

१९७८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जीवाणूंत जनुके बसवून मानवी इन्शुलिन तयार केले; १९८२ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आमच्या घराला सहा वर्षांचा उशीर झाला होता.

आज माझी नात याच पद्धतीने बनलेले इन्शुलिन घेते. परवा तिने विचारले, “आजोबा, याचे प्रयोग प्राण्यांवर झाले असतील ना?” झाले होते, मी लपविले नाही. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढून टाकली. मानवी पेशींच्या चिपवर औषधे तपासण्याचे संशोधन चालू आहे. वाट अजून पुरी झालेली नाही.

नातीने शांतपणे सुई टोचून घेतली. वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तरच उशिरा आले. म्हणून औषध नाकारण्यापूर्वी ‘दुसरा पर्याय आहे का?’ एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे.