ओकहर्स्टचा थांबा

फ्रेस्नो मागे टाकून हायवे ४१ चढायला लागला की वाळक्या, पिवळ्या गवताच्या टेकड्यांवर आधी ओक दिसतात, मग पाइन. योसेमिटीला निघालेले बहुतेक जण ओकहर्स्टला पेट्रोल भरून पुढे जातात. मी मुद्दाम थांबले. एकोणिसाव्या शतकात या डोंगरात लोक सोनं शोधायला आले. १९८०च्या दशकात ते इथे कॉम्प्युटर गेम बनवायला येऊ लागले. सिएरा ऑन-लाइन या गेम कंपनीचं हे गाव.

कंपनी मुळात सुरू झाली ती लॉस एंजेलिसजवळच्या सिमी व्हॅलीत. केन विल्यम्स प्रोग्रॅमर, त्याची बायको रोबर्टा दोन लहान मुलं सांभाळणारी. केनने घरी आणलेल्या टर्मिनलवर ती ‘कोलॉसल केव्ह’ हा निव्वळ शब्दांचा खेळ खेळली आणि त्याने झपाटली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने स्वतःचा खेळ रचला, ‘मिस्टरी हाउस’. एका वाड्यात एकामागून एक खून पडताहेत, खुनी शोधायचा. शब्दांच्या जोडीला चित्रं हवीतच, हा तिचा हट्ट. पण ॲपल टूच्या तुटपुंज्या जागेत इतकी चित्रं मावणार कशी? केनने अख्खी चित्रं साठवलीच नाहीत. रेघ कुठून कुठे ओढायची तेवढे आकडे साठवले. खेळणारा खोलीत शिरला की काळ्या पडद्यावर रेघेमागून रेघ उमटत जिना, दार, खिडकी उभी राहायची. १९८०मध्ये हा खेळ झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून विकला गेला. चित्रांच्या साहसी खेळांची परंपरा या पिशवीतून निघाली, आणि तिचं पहिलं श्रेय रोबर्टाचं आहे.

पैसा आला तसं हे कुटुंब रानात राहायचं स्वप्न घेऊन इकडे आलं. योसेमिटीचा हाफ डोम हा कडा कंपनीच्या लोगोत गेला. १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या त्यांच्या खेळात नायक झाडाच्या मागे जाऊन पुढून बाहेर येऊ लागला, आज क्षुल्लक वाटेल, तेव्हा लोक बघत राहिले.

१९९६मध्ये कंपनी विकली गेली. नव्या मालकांच्या हिशेबातला मोठा घोटाळा दोन वर्षांत बाहेर आला आणि २२ फेब्रुवारी १९९९ला ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद झाला. छोट्या गावातल्या शंभरावर लोकांची नोकरी एका सोमवारी गेली. दूरच्या कचेरीतून घेतलेला हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

‘मिस्टरी हाउस’ कंपनीने १९८७मध्येच सर्वांसाठी खुला केला होता. योसेमिटीला जाणार असाल तर आधी तो जरूर खेळा, आणि ओकहर्स्टला अर्धा तास जास्त थांबा.