शत्रूनें दिलेली मुदत

नवघरच्या आमच्या दिवाणखान्यांत आत्याबाईंची तसबीर आहे. परवां सायंकाळीं तिच्याखालीं बसून निवडण-टिपण करतां करतां सौभाग्यवतींनीं विचारलें, "धाकटीला ती लस टोंचून घ्यावयाची ना? यंदा तिला बारावें लागलें." प्रश्न साधाच, पण मीं एकदम वर्तमानपत्र डोळ्यांपुढें धरलें. लस कशाची, हें मुलीला सांगावें लागेल, या कल्पनेनेंच मी गोंधळलों होतों.

वर्तमानपत्राच्या कडेवरून तसबीर मात्र दिसत होती. विटाळ गेल्यावर कित्येक वर्षांनीं आत्याबाईंना पुन्हां रक्तस्राव होऊं लागला, तेव्हां त्यांनीं वर्षभर तें कोणास कळूं दिलें नाहीं. घरांत सारी पुरुष माणसें, सांगावयाचें कोणाला? डॉक्टरांकडे नेलें तेव्हां गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पार पसरला होता.

पुढें या रोगासंबंधीं जें वाचलें, त्यांतील एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्याच्या मुळाशीं एच. पी. व्ही. नांवाचा विषाणु असतो. हें दाखविल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो आणि बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां गांठतो. मग तो कोणाच्या शीलाची कसोटी कसा ठरावा? बहुतेकांच्या शरीरांतून तो एकदोन वर्षांत निघूनही जातो. जो ठाण मांडून बसतो, त्याला कर्करोग घडवून आणावयास बहुधा १५-२० वर्षें लागतात. इतकी मुदत देणारा शत्रु विरळाच! आणि ती सारी आपण लाजण्यांत घालवितों.

त्या मुदतीचा उपयोग करतां येतो, हें आपल्याच महाराष्ट्रांत सिद्ध झालें आहे. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचें कर्करोग रुग्णालय यांच्या साहाय्यानें १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ खेडवळ स्त्रियांची पाहणी झाली. ज्या गांवांत या विषाणूची चांचणी एकदांच केली, तेथें या रोगाचे मृत्यु चांचणी न झालेल्या गांवांच्या मानानें जवळजवळ निम्मे झाले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. शेतावरच्या त्या बायाबापड्या तपासणीला पुढें आल्या. आणि आम्ही शिकलेले वर्तमानपत्रामागें दडतों!

लस ही त्याहूनही आधींची तजवीज. विषाणूची गांठ पडण्यापूर्वींच ती घ्यावयाची. म्हणून ९ ते १४ हें तिचें योग्य वय. झालेला संसर्ग ती बरा करीत नाहीं, आणि विषाणूचे सारेच प्रकार तिच्या आवांक्यांत येत नाहींत. तेव्हां ती घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवून चालत नाहीं. २०२३ पासून पुण्यास तयार झालेली लसही मिळूं लागली आहे.

शेवटीं मीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें व धाकटीला हांक मारली. अडखळत का होईना, सारें सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि तसबिरीकडे पाहून म्हणाली, "मग आत्याआजीनें आधींच कां नाहीं सांगितलें?"

"कारण," मी म्हणालों, "आम्हीं कोणीं तिला कधीं विचारलेंच नाहीं."