पाचूबंदरचा चौक

संध्याकाळी पाचूबंदरला वलांडीवर वाळणारे बोंबील बघत बसलो होतो. किनाऱ्यावरच्या समाजमंदिराचं चित्र काढतोय, त्यासाठी दोन महिने चिनी इमारतींची पुस्तकं चाळतोय. आधी डोक्यात नुसती टोकं वर वळलेली छपरं होती. आता वाटतं, घ्यायचा तो चौक. दक्षिण चीनमधल्या घरांत मधोमध उघडी जागा असते, तिला ते ‘आकाशाची विहीर’ म्हणतात. चारी छपरांचं पाणी आत, उजेड आत, गरम हवा वर. आपल्या वाड्यांनी वेगळं काय केलं?

आणि लाकडाचे ते सांधे! शान्शी प्रांतातला यिंगश्यानचा पॅगोडा १०५६ सालचा, उंची सुमारे ६७ मीटर, अजून उभा आहे. असं काम मला इथे हवंय.

पॅगोडा तरी कुठून आला? आपल्याच स्तूपातून. इथून जवळच, नालासोपाऱ्यात, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणून काढलेला स्तूप आहे. ‘हे परक्याचं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी तिथे घेऊन जाईन.

उद्या छपराचा उतार वाढवायचा आहे, पाऊस इथला आहे. चौक मात्र मोठाच ठेवतोय, जाळं पसरून विणता येईल इतका.