नेरची वीज येते कुठून?

बालमित्रांनो, नेर कुठं आहे ठाऊक आहे? अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एस.टी. नांदगाव खंडेश्वर मागे टाकते आणि थोड्या वेळानं नेर येतं. यवतमाळ जिल्ह्यातलं हे तालुक्याचं ठिकाण. जुनी माणसं अजून ‘नेर परसोपंत’ असं पूर्ण नाव घेतात. गावाबाहेर पडलात की दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन. हिवाळ्यात विहिरीला पाणी असेल तिथं गहू आणि हरभरा. आणि शेताच्या धुऱ्यावर काय दिसतं? विजेचे खांब! आज आपण त्या खांबांवरच्या तारेच्या मागे मागे जाणार आहोत. पुढे नाही हं, मागे. म्हणजे वीज जिथून येते तिकडे.

चला, बसा एस.टी.त. नेरहून यवतमाळ, तिथून करंजी, मारेगाव करत वणी. जिल्हा तोच, पण मुलूख एकदम वेगळा. इथं रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा काळपट दिसतात. ताडपत्री टाकलेले ट्रक एकामागून एक धावत असतात. त्यांत आहे दगडी कोळसा! वर्धा नदीच्या खोऱ्यात हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांपेक्षाही आधीपासून पडून आहे. त्या वेळी डायनोसॉरसुद्धा जन्मले नव्हते. तेव्हाची झाडं दलदलीत गाडली गेली, दाबली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. झाडं वाढली होती ती सूर्यप्रकाशावर. म्हणजे कोळसा हा एका अर्थानं जुना, साठवलेला सूर्यच की नाही?

वणीच्या आसपास वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. आधी वरची माती उपसायची, तिचे डोंगर रचायचे, मग कोळसा काढायचा. वर्धा नदी ओलांडली की घुग्घुस आणि पुढे चंद्रपूर. तिथल्या ऊर्जानगरजवळच्या उंच चिमण्या लांबूनच दिसतात. हे चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र. १९८३ मध्ये इथला पहिला संच सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

आत काय चालतं? कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि भट्टीत फुंकतात. त्या आचेनं पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोरानं टर्बाइनचं चक्र फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. तुमच्या सायकलच्या डायनामोचा हा थोरला भाऊच म्हणा ना!

एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. घरात महिन्याला ९० युनिटं जळत असतील आणि ती सगळी कोळशाचीच असतील, तर सुमारे ६० किलो कोळसा झाला. म्हणजे ज्वारीचं मोठं पोतंच! त्यातून राख उरते, धूर निघतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पृथ्वीचा ताप वाढवणारा वायू तो हाच. शिवाय पाणीही भरपूर लागतं. चंद्रपूरला ते इरई धरणातून मिळतं. पण २०१५ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातलं परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं.

आता हे नीट लक्षात घ्या. नेरच्या दिव्यातली वीज चंद्रपूरचीच, असं काही बोट ठेवून सांगता येत नाही. कोराडी, खापरखेडा, कोयना, सगळी केंद्रं एकाच मोठ्या जाळ्याला जोडलेली आहेत. विहिरीत चार झरे मिळाले तर बादलीतलं पाणी कुठल्या झऱ्याचं, हे कोण सांगणार? पण देशाचा हिशेब मांडता येतो. भारतात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी तीनच्या आसपास युनिटं कोळशाची असतात.

मग तुम्ही म्हणाल, “पण २०२५ च्या जूनमध्ये तर आपली निम्मी वीजक्षमता कोळसा-तेल-वायूशिवायची झाली, असं पेपरात आलं होतं!” बरोबर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ते कसं? वर्गाच्या पटावर पन्नास मुलं असतात, पण हजेरीला किती? सौर पॅनेलचं नाव पटावर असतं, पण ते हजर राहणार दिवसा, तेही ढग नसतील तर. कोळशाचं केंद्र रात्रीही हजर असतं. ‘क्षमता’ म्हणजे पट आणि ‘निर्मिती’ म्हणजे हजेरी!

तरी सूर्याची हजेरी वाढते आहे बरं का. २०२५ च्या जानेवारीअखेर देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. आणि या गोष्टीत आपल्या यवतमाळ जिल्ह्याचंही नाव आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ आली, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगासाठी दोन गावं निवडली होती. एक राळेगणसिद्धी आणि दुसरं आपल्या जिल्ह्यातलं कोळंबी!

ही योजना कशासाठी? त्यासाठी पुन्हा शेतात चला. शेतीपंपाची लाइन ठिकठिकाणी पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ऐन थंडीत बाबा, काका किंवा दादा बॅटरी घेऊन ओलीत करायला निघतात. अंधारात पाय कशावर पडेल नेम नाही. साप असतो, विंचू असतो, रानडुक्कर असतं. घरी आईचा डोळा लागत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे पाहिलं असेल.

सूर्य मात्र दिवसाच काम करतो. एरवी हा त्याचा दोष, पण ओलितासाठी तोच गुण! गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर पॅनेलं लावायची, त्यांची वीज शेतीच्या वाहिनीला द्यायची आणि पंप दिवसा चालवायचे. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यातलं ३ मेगावॅटचं एक केंद्र वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं.

मग खाणी उद्याच बंद करायच्या का? इतकं सोपं नाही. रात्री दिवे लागतात, पंखे फिरतात. त्यासाठी दिवसाची वीज साठवावी लागेल. कुठं बॅटऱ्यांत, तर कुठं घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पात. तिथं जास्तीच्या विजेनं पाणी वर चढवतात आणि गरज पडली की तेच खाली सोडून वीज करतात. दुसरा प्रश्न त्याहून मोठा. वणी-घुग्घुसच्या कितीतरी घरांची चूल खाणीच्या पगारावर पेटते. एका गावातल्या बाबांना रात्री झोप मिळाली, पण दुसऱ्या गावातल्या बाबांचं काम गेलं, तर ते बरं नाही. नवं काम, नवं शिक्षण आधी उभं करायला हवं.

बदल होत नाही असं मात्र नाही. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती, मग डिझेल आलं. तिकडे लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरचं वीज केंद्र सुरू झालं होतं. त्याच ब्रिटननं ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. १४२ वर्षं लागली! भारतानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल ठरवलं आहे. तेव्हा तुम्ही आजी-आजोबा झालेले असाल.

तोवर एक काम करा. आज संध्याकाळी घरच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहा. उद्या त्याच वेळी पुन्हा लिहा. वजाबाकी करा आणि येईल त्या उत्तराला ६५० ग्रॅमनं गुणा. एका दिवसात किती कोळसा जळाला असता, ते घरच्यांना सांगा. आणि कुणी नसलेल्या खोलीतला पंखा तेवढा बंद करून या.