गंज पेठेच्या अंगणातून कोंढव्याच्या गॅलरीत

गंज पेठेत नानीच्या वाड्याच्या अंगणात हौदाजवळ अडुळशाचे झुडूप होते. आम्हा मुलांना खोकला झाला की नानी त्याची दोन-तीन पाने तोडायची, आले आणि ज्येष्ठमधाबरोबर उकळायची, कोमट झाल्यावर मध घालून पाजायची. दोन दिवस काढा, तिसऱ्या दिवशी बंद. खोकला राहिलाच तर म्हणायची, "अब डॉक्टर के पास जाव." पुढे माझे लग्न झाले, वाडा पाडला गेला आणि हौदाबरोबर अडुळसाही गेला.

कोंढव्यातील आमच्या फ्लॅटला चार फुटांची गॅलरी आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी काढे उकळू लागले, तेव्हा तिथे कुंड्या लावायचे मनात आले. फिरण्याची मुभा मिळाल्यावर सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मीजानना, घेऊन रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गेले. पुण्यात इतकी जुनी, उंच झाडे एके ठिकाणी क्वचितच दिसतात. अम्मीजान पाऊण तास नुसत्या सावलीतच बसल्या! मग रोपे पाहिली. मी मराठी नाव वाचायचे, त्या उर्दू सांगायच्या. कोरफड म्हणजे घीक्वार, गुळवेल म्हणजे गिलोय, अडुळसा म्हणजे अडूसा. सब्जाला त्या रैहान म्हणतात. सूरह रहमानमध्ये आलेला हा शब्द त्यांना पाठ, पण रमजानच्या सरबतात फुगणारे बी त्याचेच, हे मात्र त्या दिवशी कळले. वर्गात दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला तो मोठाच आनंद होता.

पुदिना, सब्जा, पानओवा, कोरफड आणि गवती चहा आम्ही आणला. गुळवेलीचा तुकडा शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावरून मिळाला. तो खोचला आणि महिन्याभरात वेल ग्रिलभर पसरली.

वेल घरचीच, म्हणून अम्मीजान रोज सकाळी बोटभर कांडे ठेचून उकळून पिऊ लागल्या. आम्हाला कौतुक वाटायचे. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. दोन्हींचा मेळ मात्र कोणीच घातला नाही. एके दिवशी फजरच्या नमाजनंतर त्या मुसल्यावरच बसून राहिल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. यंत्रावर साखर ५८ दिसली. साखरेचे पाणी पाजले, थोड्या वेळाने त्या सावरल्या.

डॉक्टरांनी विचारले, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?" अम्मीजान म्हणाल्या, "कुछ नहीं बेटा, बस पत्ती-पानी." तेव्हा मी वेलीचे सांगितले. गुळवेलीनेही साखर उतरू शकते, गोळीवर तिची भर पडली असावी, असे ते म्हणाले आणि यकृताचीही तपासणी लिहून दिली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. पण मग कुंपणावरून आणलेली आमची वेल नक्की कोणती? आमची ओळखीची एक डॉक्टर आझम कॅम्पसच्या युनानी महाविद्यालयात शिकलेली. तिला तुकडा दाखवला तर ती हसून म्हणाली, "आपा, कुंपणावरची वेल पिण्याआधी विचारायचं होतं ना!" कोरफड कापल्यावर गळणारा पिवळा चीकही धुऊन काढायला तिनेच सांगितले. तो वाळवला की एलवा, म्हणजे आपला काळा बोळ होतो. तो जबर रेचक आहे आणि गरोदर बाईने तर घेऊच नये.

अम्मीजानची तपासणी अल्लाहच्या कृपेने ठीक आली. वेल अजून ग्रिलवर आहे, सावलीपुरती. त्यांच्या गोळ्यांच्या पिशवीत आता एक चिठ्ठी असते: कोणता काढा, किती दिवस. दवाखान्यात ती आधी दाखवायची. कुंड्यांखालच्या ताटल्या दर शुक्रवारी त्या स्वतः ओततात, डेंग्यूच्या डासांसाठी.

गेल्या जूनमध्ये गंज पेठेतल्या एका खालाकडून अडुळशाची फांदी मिळाली. पावसात लावली, चार पाने आली आहेत. गवती चहा मात्र मांजराने पार कुरतडला. येत्या रविवारी पुन्हा एम्प्रेस गार्डनची फेरी आहे.