गाझियाबादचा शकरखोरा

दिल्लीला खेटून, हिंडन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले गाझियाबाद म्हणजे कारखाने आणि उंच इमारती. इथे रानपाखरू कुठले, असे वाटेल. पण उन्हाळ्याच्या तोंडी इथल्या बागांत जांभळा शिंजीर हमखास भेटतो. हिंदीत त्याला शकरखोरा म्हणतात. बोटभर पाखरू, मध पिणारी बाकदार चोच. विणीच्या दिवसांत नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. सह्याद्रीच्या रानातल्या शिंजिरांचाच हा भाऊबंद.

मादी गवत, साली कोळ्याच्या जाळ्याने बांधून लोंबते घरटे विणते. कधी व्हरांड्यातल्या तारेवरही. सुमारे १५ दिवस अंडी उबवते. पिलांना किडेही लागतात. म्हणून महिनाभर ती तार हलवू नका, कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नका. पिले उडाली, की तार पुन्हा तुमचीच!